निळ्या ताडपत्रीखालचं गलबत

परराष्ट्र खात्याची आमच्या बेटावरची शाखा म्हणजे मी. माझ्याशिवाय त्या खोलीत एक पंखा, जगाचा एक जुना नकाशा आणि बंदरमास्तरांची बकरी असते. बकरी खात्याची नाही, पण दुपारी सावलीला येते. राजधानी थोरल्या बेटावर, अर्ध्या दिवसाच्या प्रवासावर. आमच्या धाकट्या बेटाचं नाव पेटिट मोर्न, आणि ते नकाशावर छापलेलंच नाही. माझ्या आधीच्या कारकुनाने पेनाने एक ठिपका काढून ठेवलाय, तोही जरा सरकलाय, त्यामुळे सरकारदरबारी आम्ही सध्या पाण्यात आहोत.

अशा ठिकाणी एकाच वर्षात चीन आणि अमेरिका दोघंही येऊन पोचले, तेव्हा मला पहिला प्रश्न हाच पडला की यांना आम्ही सापडलो कसे.

आधी चिनी आले. त्यांनी आन्स नुवार नावाची आमची खाडी मोजली आणि तिथे धक्का बांधून देतो म्हणाले. धक्का एवढा लांब की बेटावरच्या सगळ्या होड्या एकीमागे एक लावल्या तरी बराचसा उरला असता. मंत्रीसाहेब फोनवर म्हणाले, उरू दे. मग लगोलग अमेरिकन आले. त्यांनीही तीच खाडी मोजली आणि तिथे चोरटा माल पकडायला रडार बसवतो म्हणाले. आमच्याकडे चोरटा माल म्हणजे शेजारच्या बेटावरून येणारी रम. ती आणणाऱ्याला सगळे नावाने ओळखतात आणि रविवारी तोच चर्चमध्ये घंटा वाजवतो.

मी दोघांनाही सुचवलं की पलीकडची मोठी खाडी घ्या, तिथे पाणी खोल आहे, रस्ता आहे. दोघंही हसले आणि म्हणाले, नको, हीच.

मग भेटी सुरू झाल्या. चिन्यांनी सूर्यावर चालणारे दिवे लावले, म्हणून अमेरिकनांनी त्यांच्यामधल्या जागेत आणखी दिवे लावले. आता चर्चपासून रमच्या दुकानापर्यंत इतका उजेड असतो की कोंबड्यांना झोप लागत नाही आणि नवऱ्यांना लपता येत नाही. दवाखान्यात क्ष-किरणांची दोन यंत्रं आली. ती चालवणारा माणूस कोणीच पाठवला नाही, म्हणून नर्सबाई एकावर टॉवेल वाळत घालतात. दुसरं पाहुण्यांसाठी राखून ठेवलंय.

राजधानीतून मला विचारणा झाली: आन्स नुवारमध्ये असं आहे तरी काय? मी स्वतः जाऊन पाहिलं. वाळू, बदामाची झाडं, पालथी घातलेली एक होडी आणि माझ्या मामाचं गलबत. मी उलट कळवलं, तिथे काहीही नाही. हे उत्तर दोन्ही वकिलातींना कसं कोण जाणे पण कळलं, आणि त्यानंतर त्यांची उत्सुकता दुप्पट झाली.

आता मामाबद्दल. झेफरिन मामा हा आमच्याकडचा शेवटचा गलबत बांधणारा. तो कागदावर काही काढत नाही. झाडाच्या वाकड्या फांदीकडे बघतो आणि म्हणतो, ही डावी बरगडी. मग उजव्या बरगडीसाठी तशीच फांदी सापडेपर्यंत काम बंद. माझ्या शाळेच्या शेवटच्या वर्षी त्याने सुरुवात केली होती. मी शाळा सोडली, नोकरीला लागलो, एकदा लग्न ठरलं, मोडलं, आणि गलबत अजून किनाऱ्यावर, टेकूंच्या आधाराने उभं. वर भली मोठी निळी ताडपत्री. मागच्या वादळानंतर मदत म्हणून आलेल्या ताडपत्र्या जोडून टांटी व्हिलमाने ती शिवली होती.

टांटी व्हिलमा मामाची धाकटी बहीण. माझीच नव्हे, अख्ख्या बेटाची ती टांटी, म्हणजे मावशी. बेटावरचा सगळा स्वयंपाक आणि सगळी गाणी तिच्याकडे.

ताडपत्री काढून दाखवा, असं चिनी इंजिनियर म्हणाले, अमेरिकन नौदलाचे लोकही म्हणाले. मामाने कोणालाच दाखवलं नाही. गलबताचं नाव उघड व्हायच्या आधी परक्याची नजर पडली की फळ्या उकलतात, असं तो मानतो. मी पाहुण्यांना समजावलं की आत फक्त एक गलबत आहे. अमेरिकन राजदूत बाईंचा मदतनीस, गुलाबी मानेचा तरुण, मला म्हणाला, हो हो, गलबत. हे म्हणताना त्याने दोन्ही हातांची दोन-दोन बोटं हवेत वाकवली. चिनी दुभाषी नुसताच हसला आणि त्याने माझी पाठ थोपटली. मला वाटलं, काय गोड माणसं आहेत.

भानगड झाली ती मंत्र्यांच्या स्वभावामुळे. त्यांना कोणालाही नाही म्हणता येत नाही. त्यांची तीन लग्नं याच कारणाने झालीत. त्यांनी खाडीचा डावा अर्धा भाग धक्क्याला आणि उजवा अर्धा रडारला देऊन टाकला. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला दोन्हीकडून कुंपण पडणार. गलबत बरोबर मधल्या रेषेवर. एक तर ते पाण्यात घाला, नाहीतर फोडून बाजूला करा, असा निरोप आला, आणि तो मामाला सांगायचं काम शाखेकडे, म्हणजे माझ्याकडे.

मामा तेव्हा फळ्यांच्या फटीत कापूस ठोकत बसला होता. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं.

"फोडणार कोण?" त्याने विचारलं.

"ते कळवलेलं नाही."

"कळवायला सांग. म्हणजे त्याच्यासाठी मोठा हातोडा बाजूला काढून ठेवतो. डोक्यात घालायला."

मग त्याने पुन्हा कापूस ठोकायला घेतला. अडचण त्यालाही माहीत होती. गलबत आडवं करून, ओंडक्यांवरून, दोन दोरांनी पाण्यात ओढायचं तर गावच्या गाव लागतं. पूर्वी गाव होतं. आता हात ज्यांचे चालतात ते सगळे ब्रुकलिन आणि टोरांटोत. इथे उरले ते ज्यांच्या गुडघ्यांना व्हिसा मिळाला नाही.

"धर्मपिता आणि धर्ममाता आपापली माणसं आणतात," मामा शेवटी म्हणाला.

आमच्याकडे गलबताला पाणी लागण्याआधी, मुलासारखंच, एक धर्मपिता आणि एक धर्ममाता लागतात. उजवा दोर त्याच्या माणसांचा, डावा तिच्या. त्या दिवसापासून ती दोघं एकमेकांची आयुष्यभराची सोयरी: तो तिचा कोम्पेर, ती त्याची माकोमेर. सख्ख्या भावाशी भांडलात तर चालतं, कोम्पेरवर आवाज चढवायचा नाही. आणि गलबत वाटेत अडलं, तर या दोघांच्या मनात एकमेकांबद्दल काहीतरी अडलंय असं धरतात. मग दोघांनी गलबताला हात लावून एकमेकांना एकेक प्रश्न विचारायचा आणि खरं उत्तर द्यायचं. खोटं बोललं तर गलबत पहिल्याच फेरीला पाणी घेतं. बहुतेक वेळा प्रश्न कुंपण कोणी सरकवलं किंवा कोंबडा कोणी खाल्ला एवढाच असतो.

मला वाटलं, मामा पलीकडच्या गावातल्या कोणाला तरी विचारेल. तो स्वच्छ सदरा घालून आधी चिनी इंजिनियरांच्या छावणीत गेला, मग अमेरिकन राजदूत बाई पाहणीला आल्या होत्या तिथे गेला. दोघांकडेही माणसं होती, तरुण होती, आणि त्यांचे गुडघे शाबूत होते. मामाला त्यापुढचं काही दिसत नव्हतं. दोन्ही देशांनी त्याच दिवशी होकार कळवला. एवढ्या तातडीने त्यांनी आजवर फक्त एकमेकांचा निषेध केला असेल.

मी म्हटलं, "मामा, या दोघांचं आपसात पटत नाही. जगभर पटत नाही."

"म्हणूनच सोयरीक करतात," मामा म्हणाला. "पटणाऱ्यांना काय गरज?"

गलबत ओढायच्या दिवशी भरती दुपारची होती. सकाळीच अमेरिकनांच्या जहाजातून खलाशी उतरले, आणि छावणीतून चिनी मजूर रांगेत आले. राजदूत ब्रँडवोल्ड बाई उंच, पांढऱ्या केसांच्या, उन्हाने लाल झालेल्या. चिनी राजदूत शू साहेब बुटके, काळा चष्मा, आणि वाळूत काळे चकचकीत बूट. दोघांनी हात मिळवला तो असा, की दोघांनाही तो धुवायचा होता. टांटी व्हिलमा मोठ्या पातेल्यात तुरीच्या दाण्यांचा भात आणि बकऱ्याचं मटण घेऊन बसली होती. बंदरमास्तर आपली बकरी शोधत होते, आणि टांटी त्यांच्याकडे बघत नव्हती.

पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं. मामाने रमचा घोट गलबताच्या पायाशी ओतला, दुसरा स्वतः घेतला. मग धर्मपिता आणि धर्ममाता यांनी एकेक दोरी ओढली आणि ताडपत्री खाली आली.

आम्ही टाळ्या वाजवल्या. गलबत देखणंच होतं. पांढरं अंग, हिरवी कड, आणि मागे मामाच्या हाताने लिहिलेलं नाव: घाई कसली.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. दोन्ही बाजूंचे चेहरे असे झाले होते, जणू वाढदिवसाचा केक कापला आणि आत केकच निघाला. गुलाबी मानेचा मदतनीस गलबताखाली वाकून गेला आणि बोटांच्या गाठींनी फळ्या वाजवू लागला. दुसऱ्या बाजूने एक चिनी इंजिनियर तेच करत आला. मध्ये दोघांची डोकी आपटली. मला वाटलं, लाकूडकामाची काय ही आवड.

"आत काय आहे?" शू साहेबांनी दुभाष्यामार्फत विचारलं.

"काही नाही," मामा अभिमानाने म्हणाला. "चार टन हवा."

दुभाष्याने ते भाषांतर केलं, आणि शू साहेब ब्रँडवोल्ड बाईंकडे जास्तच संशयाने पाहू लागले.

मग एका बाजूचे टेकू कुऱ्हाडीने छाटत गलबत हळूच ओंडक्यांवर आडवं केलं. समुद्रात नांगरून ठेवलेल्या कप्प्यांच्या चाकांवरून फिरून दोर परत किनाऱ्यावर आले होते. उजव्या दोराला चिनी, डाव्याला अमेरिकन, आणि शेपटाकडे आमचे गुडघेवाले. टांटीने गाणं सुरू केलं. आमच्याकडे ओढायचं ते गाण्याच्या ठेक्यावर, ओळ संपली की एक ओढ. पण चिन्यांनी पहिल्या ओळीच्या मध्येच ओढलं. अमेरिकनांनी ते पाहिलं आणि त्यांनी ओळ सुरू व्हायच्या आधी. मग चिन्यांनी थांबणंच सोडलं. गलबताचं नाक आधी उजवीकडे वळलं, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे, जशी दोन म्हाताऱ्या एकाच वेळी बोलत असल्या की मधल्या माणसाची मान वळते.

टांटी गाणं थांबवून म्हणाली, "अरे, गलबत ओढताय की एकमेकांचे कान?"

कोणी ऐकलं नाही. पाण्यापासून हाकेच्या अंतरावर ओंडका तिरका झाला, गलबत वाळूत रुतलं आणि अडलं. दोन्हीकडचे लोक दोर ताणून उभे. सोडायचा कोणी पहिल्यांदा, हा प्रश्न होता. गुलाबी मानेचा मदतनीस फोनवर कोणाला तरी सांगत होता की परिस्थिती स्थिर आहे. पलीकडचा दुभाषीही फोनवर होता, आणि त्याच्या सुरावरून तोही तेच सांगत असावा. भरती मात्र कोणाच्या फोनची वाट बघत नव्हती. लाटा वर येऊन आता मागे सरकू लागल्या होत्या. मामा कमरेवर हात ठेवून गलबताकडे बघत होता. या भरतीला नाही गेलं, तर पुढच्या मोठ्या भरतीआधी कुंपण येणार, हे त्याला माहीत होतं. त्याचा खालचा ओठ आत गेला होता. त्याची बायको वारली तेव्हा मी तो तसा पाहिला होता, एरवी नाही.

टांटी व्हिलमा पातेल्यापासून उठली. हातातल्या पळीने तिने गलबतावर टकटक केलं.

"अडलं. कोम्पेर, माकोमेर, पुढे या. हात लावा. विचारा एकमेकांना काय ते."

दुभाष्याने सांगितल्यावर शू साहेबांनी घड्याळ पाहिलं. ब्रँडवोल्ड बाई म्हणाल्या की अशा गोष्टींसाठी ठरलेले मार्ग असतात. टांटी म्हणाली की हाच तो मार्ग, आणि यावर प्रश्न विचारल्याशिवाय मटण मिळत नाही. दोन्हीकडच्या दोरांवरून सगळी तरुण पोरं आपापल्या साहेबांकडे पाहू लागली. पहाटेपासून उपाशी होती.

दोघांनी हात लावला. फळ्या उन्हाने तापलेल्या होत्या.

बाईंनी आधी विचारलं. एकदम साधं विचारलं, मला वाटतं कंटाळूनच. "तुम्ही याच खाडीत का आलात?"

शू साहेबांनी गलबतावरचा हात तसाच ठेवला. मग त्यांनी दुभाष्याला बाजूला केलं आणि स्वतःच, अगदी चांगल्या इंग्रजीत, उत्तर दिलं. म्हणाले, आकाशातून काढलेल्या चित्रात निळ्या आच्छादनाखाली काहीतरी लांब आणि टोकदार दिसलं. आमच्या लोकांना वाटलं, तुम्ही इथे गुपचूप काही उभं करताय. आता माझा प्रश्न. तुम्ही का आलात?

ब्रँडवोल्ड बाईंचा हात फळीवरच होता. त्या म्हणाल्या, "तुम्ही आलात म्हणून. मग आम्हीही चित्र काढलं. निळं, लांब, टोकदार. आम्हाला वाटलं, ते तुमचं."

सगळा किनारा ऐकत होता. समुद्रही, मला वाटतं, जरा हळू आवाजात.

"माझं आहे ते," मामा म्हणाला.

यावर दोघंही गलबताकडे वळून पाहू लागले, जणू ते आत्ता पहिल्यांदाच दिसत होतं. फळ्या, खिळे, फटींतला कापूस. शू साहेबांनी चष्मा काढला. त्यांनी कडेवरून बोट फिरवलं आणि मामाला विचारलं की दोन्ही बाजू इतक्या सारख्या कशा जमल्या, नकाशा कुठे आहे. मामा म्हणाला, नकाशा झाडात असतो. बाई वाकून नांगराचं भोक बघत होत्या. कुतूहल म्हणतात ते मी त्या दिवशी प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं, आधी होतं ते निराळं काहीतरी होतं.

पण यात एक वाईट झालं. रहस्य संपलं, तसं कामही संपलं. गुलाबी मानेचा मदतनीस बाईंच्या कानाशी येऊन म्हणाला की आता इथे थांबायचं कारण नाही. पलीकडे दुभाषीही शू साहेबांना गाडी दाखवत होता. दोर ढिले पडू लागले. मामाने माझ्याकडे पाहिलं. मी परराष्ट्र खातं होतो, आणि मला काही सुचेना.

म्हणून मला जो प्रश्न खरोखर पडला होता तोच मी मोठ्याने विचारला. "मग आधी कोण निघणार?"

मदतनीस थांबला. दुभाषीही थांबला. ब्रँडवोल्ड बाईंनी शू साहेबांकडे पाहिलं.

"आम्हाला घाई नाही," त्या म्हणाल्या.

"आम्हालाही नाही," शू साहेब म्हणाले.

आणि कोणीच निघालं नाही. आधी निघालेल्याबद्दल संध्याकाळी बातमीत काय म्हणतील हे दोघांनाही दिसत होतं. माणसं तिथेच उभी, हातात दोर, समोर गलबत, दुसरा उद्योग नाही. टांटी व्हिलमाने ही संधी सोडली नाही. पळी वर करून तिने गाणं धरलं.

आता मात्र गंमत झाली. आत हवेशिवाय काही नाही हे कळल्यावर त्या गलबतासाठी समोरच्यापेक्षा जास्त घाम गाळायची कोणाचीच इच्छा नव्हती. पण कमी ओढतोय असंही दिसायला नको होतं. त्यामुळे प्रत्येक जण पलीकडच्याकडे बघत, त्याच्याइतकंच, केसभरही जास्त नाही आणि कमी नाही, असं ओढू लागला. ओळ संपली की एक ओढ. गलबताचं नाक सरळ झालं. ते इतकं सरळ पाण्यात गेलं की मामाच्या आयुष्यात तसं एकही गेलं नव्हतं. पुढे कित्येक दिवस तो रमच्या दुकानात सांगत होता, ओढायला माणसं हवीत तर एकमेकांवर विश्वास नसलेलीच हवीत.

गलबत हेलकावलं, उभं राहिलं, आणि पाण्यावर बसलं. मामा कमरेइतक्या पाण्यात जाऊन त्याला हात लावून उभा होता, पाठ आमच्याकडे करून. आम्ही त्याला थोडा वेळ तसाच राहू दिला. मटण सगळ्यांना मिळालं. कोम्पेर आणि माकोमेर बदामाच्या झाडाखाली एकाच फळीवर बसून जेवले, फारसं न बोलता, पण मिठाची पुडी दोनदा इकडून तिकडे गेली. बकरीचा विषय कोणी काढला नाही.

महिन्याच्या पहिल्या तारखेला कुंपण आलं नाही. धक्क्याचा आणि रडारचा तांत्रिक फेरविचार चालू असल्याचं दोन्ही बाजूंनी कळवलं. मंत्रीसाहेबांचा फोन आला. आवाज रडवेला होता.

"केन्रिक, होतं काय तिथे?"

"काही नाही, साहेब. मी कळवलं होतं."

त्यांनी सुस्कारा टाकला. दवाखान्यात क्ष-किरणांचा माणूस येणार होता म्हणाले, आता कोण पाठवणार. मग त्यांनी चौकशी केली, मामा दुसरं गलबत कधी बांधायला घेणार. मी म्हटलं, उजवी बरगडी सापडेल तेव्हा.  मग ते हळूच म्हणाले, "ताडपत्री आहे ना अजून?"

ती होती. टेकूही होते, न छाटलेल्या बाजूचे, वाळूत तसेच उभे. दुसऱ्या दिवशी टांटी आणि मी त्यावर ताडपत्री ताणून बांधली. टांटी म्हणाली, टोक जरा जास्त काढ. मी काढलं. खाली नुसती सावली होती. थोड्या वेळाने बंदरमास्तरांची बकरी कुठूनशी आली आणि आत जाऊन बसली. म्हणजे ते मटण कुणाचं होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

तेवढ्यात 'घाई कसली' खाडीच्या तोंडावरून जात होतं, पांढरं शीड भरून. मामा सुकाणूवर होता. त्याने किनाऱ्याकडे पाहिलं, डोळ्यांवर हात धरला.

"त्याच्याखाली काय आहे रे?" पाण्यावरून त्याची हाक आली.

"काही नाही, मामा."

तो क्षणभर तसाच बघत राहिला. मग त्याने सुकाणू फिरवलं आणि गलबत आमच्या दिशेने वळलं.